हद्दीबाहेरचा पेंटर

भास्कर पेंटर मला आधी भेटले ते कागदावर. प्रांतांच्या आदेशाची झेरॉक्स आमच्या ठाण्यात आली होती. भास्कर रोकडे, वय पन्नास, धंदा रंगकाम. राहत्या जिल्ह्यातून आणि लगतच्या दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार. सध्याचा मुक्काम तुमच्या हद्दीत, मावसबहिणीकडे. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांनी ठाण्यात येऊन हजेरी द्यायची होती, आणि ते हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मी तेव्हा हवालदार होते. मुद्देमालाची खोलीही माझ्याकडेच असायची. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

तडीपार माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. हातभट्टीवाले, मटकेवाले, निवडणुकीच्या आधी घालवून दिलेले. चित्रं काढली म्हणून तडीपार झालेला माणूस मात्र पाहिला नव्हता. आदेशात तसं लिहिलेलं नव्हतंच. ‘सार्वजनिक शांततेस धोका’ असं लिहिलं होतं. चित्रांचं आम्हाला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी ते अकराच्या सुमाराला आले. बारीक अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, खांद्याला कापडी पिशवी. मी सवयीनं रजिस्टर उघडलं आणि म्हटलं, “नाव सांग.”

त्यांनी नाव सांगितलं. सही करायला पेन हातात घेतलं आणि थांबून म्हणाले, “ताई, मी तुम्हाला तुम्ही म्हणणार आहे. तुम्ही मला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.”

आवाज चढलेला नव्हता. उपहासही नव्हता. पुढच्या एक तारखेपासून मी त्यांना तुम्ही म्हणायला लागले. ठाण्यातल्या पोरांनी माझी चेष्टा केली, ती महिनाभर चालली.

आमचं गाव मुरुडहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर आहे. खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा, वर मोहल्ला, रस्त्यापलीकडे बौद्धवाडी. भास्कर पेंटरांची मावसबहीण सुमनताई बौद्धवाडीतल्या अंगणवाडीत सेविका होती. तिच्या घराच्या पडवीत त्यांनी खाट टाकली आणि पंधरा दिवसांत काम शोधलं. होड्यांवर नाव आणि नंबर घालायचे, लॉजच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवर पाढे. अक्षर इतकं सुबक की मुरुडहून बोलावणी यायला लागली.

काम करायची त्यांची एक पद्धत होती. पाटी समोर ठेवायची आणि नुसतं बसून राहायचं. एका लॉजवाल्याची पाटी त्यांनी सकाळी नऊला भिंतीला टेकवून ठेवली आणि दुपारच्या जेवणापर्यंत ब्रश ओला केला नाही. लॉजवाला वैतागला. “काका, रंगवणार कधी?”

“बघून झालं की.”

“कोऱ्या पत्र्यावर बघायचं काय असतं?”

“अक्षरं कुठं बसायचं म्हणतात ते.” हे वाक्य ते अगदी साध्या सुरात बोलायचे, भाजीवाल्यानं भाव सांगावा तसं. मग दोन तासांत पाटी पुरी व्हायची, एक अक्षर पुसायला न लागता. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ते पँटच्या डाव्या पायाला पुसायचे. त्यामुळे डावा पाय निळा, पिवळा, लाल असा सगळ्या रंगांचा आणि उजवा स्वच्छ. त्या आठवड्यात कुणाची होडी झाली ते मला त्यांच्या पँटवरून कळायचं.

घरच्यांबद्दल फार बोलत नसत. बायको तिकडे शाळेत खिचडी शिजवायची, सहा महिन्यांतून एकदा येऊन चार दिवस राहून जायची. मात्र मोबाइलवर तिकडच्या हवामानाचा अंदाज ते रोज बघायचे. आमच्याकडे कडक ऊन असताना सही करता करता म्हणायचे, “तिकडं आज ढग आहेत.”

एक गोष्ट ते करत नसत. माणसाचा चेहरा काढत नसत.

एका पक्षाचा कार्यकर्ता नेत्याच्या वाढदिवसाचं चित्र भिंतीवर काढून मागायला आला, त्याला नाही म्हणाले. त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण नारायण नाखवा आला तेव्हा गोष्ट वेगळी होती. नाखव्याची बायको त्या वर्षी वारली होती. नवी होडी पाण्यात टाकायची होती आणि तिच्यावर त्याला बायकोचा चेहरा हवा होता. फोटो प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. ही बोलणी आमच्या ठाण्याच्या पायऱ्यांवरच झाली, कारण एक तारीख होती आणि नाखव्याला पेंटर कुठं सापडेल ते माहीत होतं.

“नाव घालून देतो,” भास्कर पेंटर म्हणाले. “चेहरा काढत नाही.”

“काढत न्हाय म्हंजे? पेंटर हायस का कोन?”

“पेंटर आहे. पण चेहरा नाही काढत.”

“मेलेल्या बायकोचा काढायला पन न्हाय?”

“त्यांना विचारता येत नाही, नाखवा.”

नाखवा फोटो पिशवीत घालून निघून गेला. पुढचे काही महिने तो भास्कर पेंटरांना रस्त्यात बघून तोंड फिरवायचा. मलाही ते बरं वाटलं नव्हतं. मी विचारलं, “एवढं काय अडलं होतं?”

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मला सांगितलं. त्यांच्या गावाशेजारचं गायरान एका प्रकल्पाला द्यायचं ठरलं होतं. लोकांनी मोर्चा काढला, लाठीमार झाला, धरपकड झाली. भास्कर पेंटरांनी बाजारातल्या भिंतीवर तो मोर्चा रंगवला. एक्केचाळीस माणसं, पुढून, एकेकाचा चेहरा ओळखू येईल असा. आठ दिवस लागले. लोक येऊन आपापला चेहरा शोधायचे, बायकांनी पोरांना उचलून आपली आजी दाखवली. भास्कर पेंटरांना फार अभिमान वाटला होता.

“पंधरवड्यात पोलिसांनी भिंतीचे फोटो काढले,” ते म्हणाले. “गुन्ह्यात आधी नावं होती सात. भिंतीवरून आणखी बारा झाली. माझं चित्र हातात धरून घराघरात गेले. त्यात एक कमलाक्का होती. साठीची बाई. ती मोर्च्यात होती हे माझ्या भिंतीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. नऊ महिने आत होती.”

नंतर भिंतीला चुना मारला गेला. त्यांनी त्या चुन्यावर पुन्हा चित्र काढायला घेतलं, ते पुसलं गेलं, पुन्हा घेतलं. तीन वेळा असं झालं, तीन गुन्हे दाखल झाले आणि मग तडीपारीचा आदेश निघाला.

मी अंगावर वर्दी घालून हे ऐकत होते. फोटोवरून माणूस ओळखायचा हे आमचं रोजचंच काम आहे, मी स्वतः कितीदा केलं असेल. चित्रावरून केलेलं पहिल्यांदाच ऐकत होते. मी चहा मागवला. ते कोरा चहा प्यायचे.

पुढच्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेला, बौद्धवाडीच्या विहारात त्यांनी एक कापड टांगलं. वाडीतल्या जुन्या चादरी सुमनताईनं मशीनवर एकीला एक जोडून दिल्या होत्या. वीसेक हात लांब कापड. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तक्रार केली की तडीपार माणसानं भडकाऊ चित्र लावलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं.

“बघून या. आक्षेपार्ह असेल तर घेऊन या.”

“आक्षेपार्ह म्हणजे कसं असतं, साहेब?”

“दिसेल तुम्हाला.”

मी दोन पंच घेतले. एक मोहल्ल्यातले हनीफभाई, किराणा दुकानवाले. दुसरा रस्त्यात भेटला तो नारायण नाखवा. विहाराच्या दारात भास्कर पेंटरांना बघून तो परत फिरत होता, मी थांबवलं. पंचनाम्याला दोन माणसं लागतातच.

कापडावर माणसं होती, सगळी पाठमोरी, चाललेली. कुणाच्या डोक्यावर भारा, कुणाच्या हातात बंद छत्री, एकाचा हात गळ्यात बांधलेला, एका मुलीच्या दोन वेण्या. शेवटचे तीन हात कापड कोरं होतं, तिथं कुणी नव्हतं.

“काय दिसतं ते सांगा, लिहून घेते,” मी म्हटलं.

हनीफभाईंनी चष्मा लावला. “पाठी दिसतात. इन्सानांच्या पाठी. दुसरं काय लिहिणार?”

नाखवा कापडाच्या कडेनं चालत गेला आणि मध्येच उभा राहिला.  मग बोट दाखवून म्हणाला, “ही माझी बायको हाय.”

“नीट बघून सांगा. पंचनामा आहे.”

“बघूनच सांगतंय. ही अशीच चालायची, डाव्या अंगाला कलून. मासळीच्या टोपलीनं.” तो भास्कर पेंटरांकडे वळला. “तू तिला कवा बघितलीस?”

“नाही बघितलं, नाखवा. ही आमच्या तिकडची. जळणाचा भारा आहे तिच्या डोक्यावर.”

“असंल,” नाखवा म्हणाला. “मंग ती पन तशीच चालत असंल.”

मी लिहिलं: कापडावर एकूण एक्केचाळीस इसम पाठमोरे दिसून येतात. एकाचाही चेहरा दिसून येत नाही. अक्षर नाही, घोषणा नाही, झेंडा नाही. पंच क्रमांक दोन यांनी एक स्त्री ओळखली, ती मयत आहे.

साहेबांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि तरी म्हणाले, “कापड आणून ठेवा. वरून विचारणा झाली तर जवळ असलेलं बरं.”

तर ते कापड माझ्या खोलीत आलं. गुन्हा नव्हता, त्यामुळे गुन्हा नंबर नव्हता, त्यामुळे रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला आजही सांगता येणार नाही. पावसाळा तोंडावर होता. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत भिंतीला ओल यायची आणि जमिनीला वाळवी. मी कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, घडीत डांबराच्या गोळ्या घातल्या आणि दोरीनं छताच्या आढ्याला टांगलं. दर एक तारखेला सही झाली की ते एकच प्रश्न विचारायचे.

“कापड कोरडं आहे ना?”

“आहे.”

श्रावणात एकदा मी त्यांना आत नेऊन दाखवलं. नियमात बसत नव्हतं. जप्त केलेले दारूचे कॅन, दोन गंजक्या तलवारी, एक मोटारसायकल आणि वर टांगलेलं त्यांचं बोचकं. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. “सोबत चांगली मिळाली,” म्हणाले.

त्याच सुमारास नाखवा पुन्हा त्यांच्याकडे गेला. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होत्या, रंगकामाचे दिवस होते. म्हणाला, तोंड नको, पाठच काढ. होडीच्या मागच्या बाजूला, डाव्या अंगाला कललेली, टोपली घेतलेली बाई त्यांनी काढून दिली. नारळी पौर्णिमेनंतर ती होडी समुद्रात गेली. काठावरून बघताना ती बाई चालत पाण्यात निघाल्यासारखी दिसायची. कोळणी काही दिवस त्यावर बोलल्या, मग सवय झाली.

दिवाळीनंतर आमचे साहेब बदलले. नव्या साहेबांनी खोली तपासली, वर बोट दाखवून विचारलं, “हे काय?” मी सांगितलं. “गुन्हा दाखल नाही ना? मग देऊन टाका.” मी एक तारखेची वाट बघत राहिले.

त्या एक तारखेला भास्कर पेंटरांच्या आधी एक बाई येऊन बाकावर बसली. काटक, काळी, डोक्यावर पदर, मांडीवर शेंगांची पिशवी. कुठून आलात विचारलं तर त्यांच्या जिल्ह्याचं नाव सांगितलं. पहाटेपासून तीन गाड्या बदलल्या होत्या.

“त्याचा पत्ता काय माझ्यापाशी न्हाई,” ती म्हणाली. “पर एक तारखेला पोलिसांत येतो एवढं ठावं व्हतं.”

भास्कर पेंटर आले, दारातच थांबले. पिशवी खांद्यावरून घसरली ती त्यांनी उचलली नाही.

“कमलाक्का.”

“बस की. सही करून घे आधी.”

ते बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, “आक्का, माझ्या भिंतीनं तुम्हाला आत घातलं.”

“भिंत कशाला घालंल? ज्यांनी घातलं त्यांची नावं मला तोंडपाठ हायत.” मग माझ्या वर्दीकडे बघून म्हणाली, “तुमास्नी न्हवं म्हनत, बाई.”

मी कापड घेऊन त्यांच्याबरोबर निघाले, पोच घ्यायची होतीच. सुमनताईच्या अंगणात आम्ही ते उलगडलं. कुठं बुरशी नव्हती. कमलाक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली.

“ह्यात मी कुठली?”

भास्कर पेंटरांनी दाखवलं. भाऱ्यावालीच्या पुढं, पदर खोचलेली. ती बघत राहिली. म्हणाली, “माझी पाठ का काढलीस? मी काय पाठ दाखवून पळाले व्हते?”

 सुमनताई पाणी घेऊन आली होती ती तांब्या धरून तशीच उभी राहिली.

“पुन्हा चेहरा काढला आणि पुन्हा तुम्हाला उचललं तर?” भास्कर पेंटर म्हणाले.

“उचलतील. तू भिंतीवर मला ठेवलंस ते चुकलं न्हाई. न इचारता ठेवलंस ते चुकलं. मला इचारायचं व्हतं. पोलिसांनी उचलून नेलं तवा मला पयलं कळलं की मी भिंतीवर हाय. मी तर बघाया पन आले न्हवते.” ती ओट्यावर बसली आणि पदर मागे सारला. “आता मी सोता सांगते. काढ.”

 सुमनताईनं माळ्यावरचा प्लायचा तुकडा काढून दिला. नेहमीसारखं अर्धा दिवस बसून बघायला वेळ नव्हता, कमलाक्काला चारची गाडी धरायची होती, दुसऱ्या दिवशी तिची कोर्टात हजेरी होती. पहिली रेघ वाकडी गेली, त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. पुसताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कमलाक्का काही गप्प बसली नाही. शेंगा फोडत तिकडच्या गोष्टी सांगत राहिली, कुणाला मुलगी झाली, कुणाची विहीर आटली. ते ऐकत होते आणि काढत होते. माझी जेवणाची सुट्टी संपून गेली, मी ठाण्यात फोन करून पोच घ्यायला वेळ लागतोय म्हणून सांगितलं.

साडेतीनला चित्र झालं. खाली त्यांनी तिचं नाव लिहिलं. सुंदर होतं म्हणावं असं चित्र नव्हतं. सुरकुत्या होत्या, एक दात पडलेला होता, आणि नजर सरळ समोर होती. रंग ओला असल्यामुळे कमलाक्का प्लाय कडांना धरून अंगापासून दूर ठेवत स्टँडपर्यंत चालली. गाडीत मांडीवर उताणा ठेवला.

“कुनी इचारलं तर काय सांगू?”

“सांगा, ही मी आहे म्हणून.”

भास्कर पेंटर ज्या हद्दीत पाय ठेवू शकत नव्हते त्या हद्दीत ते चित्र त्याच रात्री पोचलं. तिनं ते बाजारात लावलं नाही. स्वतःच्या दाराच्या वर खिळा मारून लावलं. बाजारातली भिंत सरकारी होती. दार तिचं होतं.

महिन्याभरात सुमनताईच्या पत्त्यावर पाकिटं यायला लागली. पाकिटात फोटो, आणि वहीच्या कागदावर दोन ओळी: माझा चेहरा काढावा, माझी परवानगी आहे. खाली सही, नाहीतर अंगठा. भास्कर पेंटर त्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायचे. फोटोवरून काढायला त्यांना आवडत नसे, पण माणसं आधीच ओळखीची होती. झालेली चित्रं कुणी ना कुणी येऊन घेऊन जायचं. मी मोजली नाहीत. चाळीसच्या आसपास दारांवर ती लागली असं नंतर कळलं.

तेविसाव्या महिन्यात त्यांच्या नावानं दुसरी नोटीस आली. तडीपार असतानाही लोकांना चिथावणी देत आहेत, सबब पुन्हा दोन वर्षे तडीपार का करू नये. सोबत पुरावा म्हणून माझ्या पंचनाम्याची प्रत जोडली होती. ती नोटीस त्यांना बजावायचं काम माझंच. एक तारखेपर्यंत थांबता येत नव्हतं. मी सुमनताईच्या पडवीत गेले आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी उभ्या उभ्या वाचली. पंचनाम्याचं पान वाचताना थोडं हसले. “ताई, तुम्ही छान लिहिता.”

“जे दिसलं ते लिहिलं.”

“तेच म्हणतोय.” त्यांनी पोचेवर सही केली. “उत्तर द्यायला मुदत किती?”

“महिनाभर.”

“मग तिकडं जाऊनच देतो. तोवर माझी तडीपारी संपतेय.”

पुढं काय झालं ते मला कमलाक्कानं फोनवर सांगितलं. सुनावणीच्या दिवशी ज्यांची चित्रं होती ती बहुतेक माणसं प्रांतांच्या कचेरीत येऊन उभी राहिली. प्रत्येकानं सांगितलं, माझा चेहरा मी सांगून काढून घेतला, माझ्या दारावर लावला, ह्यात कुणाची शांतता भंगली ते दाखवा. वकिलानं माझा पंचनामाही वाचून दाखवला म्हणे. त्यानं किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही. दुसरा आदेश निघाला नाही एवढं खरं. गायरानाचा खटला अजून चालू आहे, आणि कमलाक्का अजून तारखांना जाते.

मी भास्कर पेंटरांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निघायच्या दिवशी. सकाळची सातची गाडी. श्रीवर्धनला बंदोबस्त होता म्हणून मीही स्टँडवर होते, पलीकडच्या बाजूला. सुमनताई डबा देऊन अंगणवाडीला गेली होती. रंगाचे डबे टपावर चढवून ते खिडकीशी बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, कोरी पँट. मी खिडकीशी गेले. आदल्या दिवशी शेवटची सही झाली होती, आता बोलायला कामाचं काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, “येतो, ताई.” मी म्हटलं, “सांभाळून जा.”

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला. “कुठं?”

त्यांनी स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं.

कंडक्टर कोवळा होता, इकडचाच. “काका, गाडी पनवेलपर्यंत. हे गाव कुठं आलं?”

भास्कर पेंटर सरळ होऊन बसले आणि सांगायला लागले. पनवेलहून कुठली गाडी धरायची, घाट चढला की कुठला फाटा, फाट्यावरून ओढा ओलांडायचा, ओढ्यानंतर डावीकडे जुनी जिनिंगची शेड, तिथून रस्ता वर चढतो. कंडक्टर मशीन हातात धरून ऐकत राहिला. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, “अहो, आम्हाला पण तिकीट द्या.” ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गाडी स्टँडबाहेर वळली तेव्हा खिडकीत त्यांचा हात दिसत होता, ते अजून त्याला वळणं दाखवत होते.